पावसाळी रानात विस्तव: खानापूर-चंदगड पट्ट्यासाठी आग पेटवण्याची साधनं कशी निवडायची

आग पेटवण्याच्या साधनांबद्दल व्हिडिओंतून जे शिकवलं जातं, ते बहुतेक थंड आणि कोरड्या मुलखातलं असतं. तिथं बर्फ असतो, देवदार असतो, कागदासारखी सोलून निघणारी भूर्जाची साल असते. आपल्याकडं, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी, आमगाव, जांबोटी, हेमाडगा या भागात, जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत अडचण थंडीची नसतेच, ओलीची असते. पाऊस थांबला तरी हवा ओलीच राहते, आणि खिशातली काडेपेटी एकदाही न भिजता मऊ पडते. म्हणून साधन घेताना त्याची ठिणगी किती गरम हा सवाल मागं ठेवा. ओल्या हातानं, अंधारात, दोन दिवस पाऊस खाल्ल्यावर ते चालेल का, हे आधी विचारा. त्याच्या पाठोपाठचा सवाल त्याहून अवघड आहे: ज्वाला आली, तर ती लावणार कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या पट्ट्यात पहिलं साधन म्हणजे चाकाचा साधा लायटर, दुसरं पाणबंद डबीतली काडेपेटी, आणि तिसरं फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या देणारी धातूची कांडी. ऑनलाइन हा क्रम उलटा दिसतो, कारण तिकडं कौशल्य दाखवायचं असतं. इथं आपल्याला उब हवी आहे.

आधी रान कुठलं ते ठरवा

बेळगाव जिल्हा पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला आणि पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडं कोरडा होत गेलेला आहे. गोकाकच्या वालुकाश्माच्या टेकड्यांवर फेब्रुवारीत गेलात, तर आग पेटेल का याची काळजी नको. ती आटोक्यात राहील का, याची करा. उलट खानापूरच्या पश्चिमेचं रान, चोर्ला घाट, पलीकडचा चंदगड-तिलारीचा भाग आणि दक्षिणेला जोयड्यापर्यंतचं जंगल हा एकच ओला पट्टा आहे. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा अशा तीन सरकारांत तो वाटला गेला असला तरी पाऊस सगळीकडं सारखाच. पुढचं सगळं या पट्ट्यासाठी आहे.

आता कायद्याचं. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं. ते सुमारे १९० चौरस किलोमीटरचं आहे. त्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं हा गुन्हा आहे. उन्हाळ्यात तर हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा उरलेला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्याकडच्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा ते रान आपल्या चोर्ल्याला लागूनच होतं. म्हणून शेकोटीची हौस गावात, मालकाला विचारून त्याच्या शेतात किंवा परवानगीच्या तळावर भागवा. रानात साधन सोबत असावं ते वाट चुकली, पाय मोडला, ओढा चढल्यानं रात्र काढावी लागली, अशा वेळेसाठी. परवान्याच्या अटीतच लायटर-काडेपेटीला मनाई असेल, तर ती पाळा आणि सोबतच्या वाटाड्याकडं काय आहे ते निघतानाच विचारून घ्या.

आणखी एक. अडकल्यावर पहिलं काम आग पेटवण्याचं नसतं. वाऱ्यातून बाजूला व्हायचं, ओले कपडे उतरवून कोरडे घालायचे, काहीतरी खायचं, मग आग. ओल्या अंगावर वारा लागत राहिला, तर वीस अंशांच्या हवेतही अंगातली उष्णता भराभर उतरते. हात एकदा बधिर झाले की कुठलंच साधन चालत नाही. तेव्हा बोटांत जीव आहे तोवरच पुढचं काम उरकायचं.

पहिलं साधन: चाकाचा लायटर

पानपट्टीवर दोन प्रकारचे लायटर मिळतात. एकाला अंगठ्यानं फिरवायचं दातेरी चाक असतं, दुसऱ्याला नुसतं बटण. चाकाचाच घ्या. बटणाच्या लायटरमध्ये दाबानं वीज तयार होऊन ठिणगी उडते, आणि ती ठिणगी दमट हवेत रुसते. शिवाय गॅस संपला की बटणाचा लायटर कचराच. चाकाच्या लायटरमध्ये खाली एक बारीक खडा असतो. चाक घासलं की त्याची ठिणगी पडते, आणि गॅस संपल्यावरही ती पडतच राहते. त्या नुसत्या ठिणगीवर व्हॅसलिन लावलेला कापूस पेटतो. युक्ती अशी: चाक हळूहळू, ठिणगी न पडेल असं फिरवायचं आणि खड्याची काळी पूड कापसावर झाडायची. बरीच पूड जमली की त्याच जागी एकदा जोरात चाक फिरवायचं.

लायटरमधला ब्यूटेन वायू शून्याच्या जरा खाली द्रव होतो, म्हणून हिमालयात लायटर पेटत नाही ही तक्रार खरी आहे. आपल्याकडं चोर्ल्याच्या माळावर जानेवारीच्या पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी तेवढी थंडी पडत नाही. उगाच तिकडची भीती इकडं आणायला नको.

विकत घेताना काय पाहायचं? पारदर्शक लायटर घ्या, म्हणजे आत किती गॅस उरलाय ते दिसतं. ज्वाला कमी-जास्त करायची खिट्टी असेल तर बरं. दुकानातच दहा वेळा पेटवून बघा. दहाही वेळा पहिल्या झटक्यात पेटला तर घ्या, नाहीतर दुसरा मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं वीस रुपयांपेक्षा स्वस्त लायटरच्या आयातीवर बंदी घातली. तरी स्वस्तातला माल बाजारात दिसतो. किंमत बघून निवडू नका, पेटवून निवडा.

लायटरचे तीन आजार आहेत. पहिला, सॅकमध्ये दाबला जाऊन गॅस निसटतो. यावर उपाय म्हणजे बटणाखाली सायकलच्या ट्यूबची जाड चकती किंवा दोरीचा वेढा अडकवायचा. दुसरा, चाक भिजतं. भिजलेला लायटर मेला असं समजू नका. जोरात झटका, तोंडानं फुंका, चाक कोरड्या कापडावर ओढून फिरवत राहा. थोड्या वेळात ठिणगी परत येते. तिसरा, ऊन. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला लायटर फुटू शकतो.

दोन लायटर न्या. एक पँटच्या खिशात, दोरीनं पट्ट्याला बांधून. दुसरा सॅकमध्ये. ओढा ओलांडताना सॅक वाहून गेली तरी खिशातला राहतो. विमानानं येणाऱ्यांना मात्र लायटर आणि काडेपेटी सोबत आणता येत नाही. सांबऱ्याला उतरल्यावर गावातच घ्या.

दुसरं साधन: काडेपेटी, पण तिच्या डबीशिवाय

२०२१ च्या डिसेंबरपासून दोन रुपयांना झालेली काडेपेटी अजूनही हिशोबाला सगळ्यात स्वस्त साधन आहे. तिचा दोष काडीत कमी आणि पुठ्ठ्याच्या डबीत जास्त असतो. आपल्याकडच्या काड्या सुरक्षित प्रकारच्या. काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट, आणि तांबडा फॉस्फरस डबीच्या बाजूच्या तपकिरी पट्टीत. दोघं भेटल्याशिवाय पेट घेत नाहीत. म्हणून डबीची पट्टी ओलसर होऊन खरवडली गेली, की पन्नास कोरड्या काड्या असूनही हात रिकामेच. सिनेमात नायक भिंतीवर काडी ओढतो, ते या काड्यांनी होत नाही.

तेव्हा काड्या डबीतून काढा. दोन-तीन नव्या डब्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापा. काड्या आणि पट्ट्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत वेगवेगळ्या ठेवा, औषधाच्या गोळ्यांची रुंद तोंडाची बाटली चालते. काड्यांची डोकी आणि पट्टी एकमेकांना घासू देऊ नका. पट्टी उलटी दुमडून कागदात गुंडाळा. नव्या बुटांच्या खोक्यात निघणारी सिलिकाची पुडी त्यातच टाका.

काड्यांवर मेण चढवायचं असेल तर मेणबत्तीचे तुकडे वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवा. मेण थेट ज्योतीवर वितळवू नका, भडकतं. काडीचं डोकं आणि त्याखालचं साधारण सेंटिमीटरभर लाकूड बुडवून लगेच काढा आणि कोरडं होऊ द्या. ओढायच्या आधी नखानं डोक्यावरचं मेण खरवडावं लागतं, नाहीतर मेण पट्टीला फासलं जाऊन पट्टीच निकामी होते. मेणकागदाच्या काड्या मिळतात त्या जास्त वेळ जळतात, पण घाम आलेल्या हातात वाकतात. ओढताना बोट अगदी डोक्याजवळ टेकवायचं आणि पेटल्याबरोबर मागं घ्यायचं. गावाकडं म्हातारी माणसं दमट काडी दोन-चारदा डोक्याच्या कोरड्या केसांत फिरवून मग ओढतात. ओल कमी असेल तर याचा उपयोग होतो. आषाढात डोकंच भिजलेलं असतं ही गोष्ट वेगळी.

तिसरं साधन: फेरो रॉड

ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञानं १९०३ मध्ये लोखंड आणि सेरियम वगैरे धातूंचा एक मिश्रधातू तयार केला. लायटरमधला खडा तोच, आणि हा रॉडही तोच, फक्त बोटाएवढा. धारदार कडेनं खरवडला की त्याचे कण हवेत पेटतात. ठिणगीचं तापमान तीन हजार अंश सेल्सियसच्या घरात जातं. पाण्यात बुडवून काढला, पुसला की लगेच ठिणगी देतो, हा त्याचा मोठा गुण. गॅस नाही, बॅटरी नाही, मुदत नाही.

मग तो तिसरा का? कारण तो आग देत नाही, ठिणगी देतो. ठिणगीपासून ज्वालेपर्यंतची वाट कोरड्या, पिंजलेल्या पेटवणातून जाते, आणि आपल्या रानात तेच मिळणं कठीण. लायटर अर्धी ओली काडीसुद्धा धरून ठेवून वाळवत पेटवतो. रॉडला तशी सवलत नाही. त्याला कौशल्य लागतं, आणि ते घरच्या अंगणात मिळवलेलं असावं लागतं. संकटात शिकायची ती वस्तू नव्हे.

घेताना जाडी निदान ८ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १० सेंटिमीटर बघा. किल्लीच्या जुडग्याला लावायच्या बारीक काड्या गारठलेल्या बोटांत धरताच येत नाहीत. नव्या रॉडवर काळा लेप असतो. तो खरवडून काढल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि बरेच जण इथंच रॉड खराब आहे म्हणून परत पाठवतात. सोबत येणारी पत्र्याची पट्टी बहुतेक वेळा बोथट निघते. सुरीच्या पाठीची कड काटकोनात असेल तर ती वापरा, पात्याची धार नको. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडाही झकास काम करतो.

वापरताना पट्टी स्थिर ठेवून पेटवणाला टेकवायची आणि रॉड आपल्याकडं मागं ओढायचा. पट्टी पुढं ढकलली तर हात पेटवणावर आपटतो आणि मांडलेलं सगळं उधळतं. दाब जास्त, वेग कमी. वापर झाला की रॉड पुसून ठेवा. दमट हवेत त्यावर पांढरट गंज चढतो आणि तो हळूहळू खाल्ला जातो. बरेच दिवस वापरणार नसाल तर नेलपॉलिशचा एक हात द्या.

चकमक, भिंग, अरणी

चंदगड आणि जोयड्याच्या बाजूच्या गवळी-धनगर वस्त्यांवर जुन्या माणसांच्या तोंडून चकमकीच्या गोष्टी अजून ऐकू येतात. चंचीत तंबाखूशेजारी पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि जळका कापूस. याची ठिणगी फेरो रॉडपेक्षा खूपच थंड, म्हणून तिला जळका कापूसच लागतो. तो बनवायला झाकणाच्या डबीला एक बारीक भोक पाडायचं, आत सुती कापडाच्या चिंध्या ठेवायच्या आणि डबी निखाऱ्यावर ठेवायची. भोकातून येणारा धूर थांबला की डबी उतरवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही. पोलाद कार्बनचं हवं, जुन्या कानशीचा तुकडा उत्तम. स्टेनलेस चालत नाही. गारगोटी आपल्या ओढ्यांत मुबलक आहे. जांभा दगड मात्र कितीही आपटा, ठिणगी देणार नाही. शिकण्यासारखी कला आहे, पण पावसाळी सॅकमध्ये तिच्यावर भिस्त ठेवू नये.

भिंग नोव्हेंबर ते मे उत्तम, उरलेले महिने सॅकमधलं ओझं. लाकडावर लाकूड घासून आग काढणं म्हणजे यज्ञातली अरणी; तीही कोरड्या लाकडावर, सरावाच्या हातानं. श्रावणात जांबोटीला हे करून दाखवेल त्याला माझा नमस्कार.

घेऊ नयेत अशा वस्तू

स्वयंपाकघरातला गॅस शेगडीचा लायटर नेणारे लोक भेटतात. त्याची ठिणगी फक्त वायू पेटवते, कापूस नाही. सोबत गॅसची शेगडी नसेल तर तो निरुपयोगी. चार्जिंगचा विजेचा लायटर घरात मजेचा आहे, पण त्याच्या दोन टोकांमधल्या फटीत मावेल तेवढंच पेटतं, आणि बॅटरी दमटपणानं कधी मान टाकेल ते सांगता येत नाही. पेट्रोल भरायचा झाकणाचा लायटर देखणा असतो, पण त्यातलं इंधन न वापरताच आठवड्या-दोन आठवड्यांत उडून जातं.

नऊ व्होल्टची बॅटरी आणि स्टील वूल ही जोडी मात्र खरंच चालते. फक्त भांडी घासायची जाड चकचकीत घासणी नको. ती स्टेनलेसची असते, पेटत नाही. सुतार पॉलिशसाठी वापरतात ते केसासारखं बारीक लोखंडी स्टील वूल हवं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. बॅटरी आणि वूल वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, नाहीतर सॅकच पेटायची.

पेटवण: खरी परीक्षा इथं आहे

साधनावर शंभर रुपये जास्त घालण्यापेक्षा पेटवणावर अर्धा तास घाला. रानात काही सापडेल या भरवशावर पावसाळ्यात जाऊ नका. पेटवण घरून न्यायचं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे कापूस आणि व्हॅसलिन. अस्सल कापूस घ्या, कृत्रिम धाग्याचा वितळतो. सुपारीएवढ्या बोळ्यावर व्हॅसलिन चोळा, पण गाभा थोडा कोरडा राहू द्या. असा बोळा चार-पाच मिनिटं जळतो, आणि ओल्या काटक्या वाळायला तेवढा वेळ लागतोच. वापरताना तो बोटांनी पिंजून पसरायचा, म्हणजे धागे मोकळे होतात आणि ठिणगीसुद्धा धरतात. दाबलेला गोळा ठिणगी धरत नाही. दहा-बारा बोळे छोट्या डबीत भरून ठेवा.

दुसरं, देवघरातला कापूर. काडी लावली की लगेच पेटतो, पाण्यावर तरंगतानाही जळतो, आणि धूर झाला तरी ज्योत तगडी असते. पण कापूर नुसता ठेवला तरी उडून जातो, म्हणून डबी घट्ट हवी आणि दर पावसाळ्याआधी भर घालायला हवी. तो पोटात गेला तर विषारी आहे, म्हणून खाण्याच्या डब्यात ठेवू नका. पोरांच्या हाती लागेल असाही नको.

तिसरं, सायकलची जुनी ट्यूब. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवल्या की पावसाच्या सरीतही जळत राहतात. धूर काळा आणि घाणेरडा, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि त्या आगीवर लगेच काही शिजवू नका. लाकडानं पेट घेतला की पट्टी काठीनं बाहेर काढा. ठिणगीनं ही पेटत नाही, ज्वालाच लागते.

रानातलंही थोडं उपयोगी आहे. काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात. तो कापूस गोळा करून घरी ठेवला तर ठिणगी झटकन धरतो, पण क्षणात भुर्रकन जळून संपतो, म्हणून त्याच्याखाली व्हॅसलिनचा बोळा हवाच. वाळक्या बांबूची हिरवी-पिवळी पाठ सुरीच्या पाठीनं खरवडली की बारीक लोकरीसारखा भुगा निघतो. तो उत्तम. नारळाची सोडणं खूप चोळून मऊ केली तर चालतात. शेणी भिजली नसेल तर तिच्यासारखा निखारा दुसरा कशाचा नाही. पॉलिथिनमध्ये गुंडाळून एक तुकडा नेला तर वजन काहीच नाही.

काही गोष्टींपासून लांब राहा. चंदगड-खानापुरात काजूची टरफलं ढिगानं मिळतात, आणि तेल असल्यामुळं ती भडाभडा जळतात. पण ते तेल कातडी भाजून काढतं आणि धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. बिब्बा आणि रानबिब्ब्याचं लाकूड, शेर, कण्हेर ही जळणात आली तर धुरानंही त्रास होतो. ओळख पटत नसेल तर चीक येणारं कुठलंच लाकूड घेऊ नका.

भरणी आणि अंगणातली चाचणी

पाणबंद डबी खरंच पाणबंद आहे का, ते झाकणावर लिहिलेलं वाचून कळत नाही. आत वर्तमानपत्राचा तुकडा टाका, झाकण लावा, वर दगड ठेवून डबी रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी कागद कोरडा निघाला तर डबी पास.

मग मोठ्या पावसाच्या दिवशी घराच्या पडवीत किंवा अंगणात बसा. हात भिजवा. दिवा बंद करा. एकाच हातानं डबी उघडता येते का? लायटर पेटतो का? फेरो रॉडनं कापूस पेटतो का? घरी जे जमलं नाही ते रानात जमणार नाही, म्हणून अडलं तिथं साधन बदला. डबीचं झाकण ओल्या हातानं फिरत नसेल तर त्यावर ट्यूबचं कडं चढवा. जवळ पाण्याची बादली आणि घरातल्यांना कल्पना, दोन्ही असू द्या.

सामान तीन ठिकाणी वाटा. खिशात लायटर आणि दोन बोळे. गळ्यात किंवा सुरीच्या म्यानाला फेरो रॉड. सॅकमध्ये डबी: काड्या, पट्ट्या, दुसरा लायटर, कापूर, ट्यूबच्या पट्ट्या. दर मृगाच्या आधी सगळं उघडून बघा आणि संपलेलं भरा.

भिजलेल्या रानात प्रत्यक्ष

पडलेलं लाकूड सोडा, ते स्पंजासारखं पाणी पिऊन बसलेलं असतं. उभं वाळलेलं किंवा झाडात अडकून राहिलेलं शोधा. फुलून मेलेल्या कारवीच्या काठ्या उभ्याच वाळतात. वाळलेली घाणेरी तर सगळीकडं आहे आणि ती तोडल्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. काटकी वाकवली की कट्‌ असा आवाज येऊन मोडली पाहिजे. वाकली तर टाकून द्या. जाड काठी कोयत्यानं चिरली की आतला गाभा बहुतेक कोरडा निघतो. बांबूचं बंद पेर आगीत टाकू नका, फटाक्यासारखं फुटतं. आधी चिरा.

जागा निवडताना वरून पाणी गळणार नाही आणि खालून वाहणार नाही अशी घ्या. ओल्या जमिनीवर मनगटाएवढ्या काठ्यांचा थर देऊन त्याच्यावर चूल मांडा. चुलीला ओढ्यातले गोटे लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात आणि तुकडे उडतात. भिजलेला जांभाही सच्छिद्र असल्यामुळं तसाच.

काटक्या आधी गोळा करून मगच पेटवायला बसा. आगपेटीच्या काडीएवढ्या दोन मुठी, पेन्सिलीएवढ्या दोन मुठी, अंगठ्याएवढ्या एक कवळभर. हे हाताशी नसेल तर कापूस जळून जातो आणि माणूस काटक्या शोधत राहतो. वाऱ्याकडं पाठ करा, कुणीतरी वर प्लास्टिक किंवा घोंगडं धरा. बोळा पेटला की सगळ्यात बारीक काटक्या अगदी थोड्या थोड्या घाला. धूर वाढला तर हवा कमी पडतेय, काटक्या उचलून मोकळ्या करा, फुंका. पुढच्या ओल्या काठ्या आगीच्या कडेला उभ्या लावून वाळवत ठेवा.

तंबूत आग नको, निखाऱ्यांची घमेलंही नको. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो. पाणी प्यायचं असेल तर खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट चुलीवर ठेवा.

वाट चुकला असाल तर पेटत्या आगीवर ओला पाला टाका. पांढरा धूर लांबून दिसतो. मोबाइलला एखादी जरी दांडी मिळाली तर ११२ लावा. वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडं आहे, त्यामुळं सीमेच्या कुठल्या बाजूला आहात याचा घोळ घालत बसायला नको. मात्र गावाचं, ओढ्याचं, देवळाचं नाव सांगता आलं पाहिजे.

विझवताना

निघायच्या अर्धा तास आधी जळण घालणं थांबवा. मोठी लाकडं अलग करा. पाणी ओता, काठीनं राख ढवळा, परत पाणी ओता. नुसती माती टाकली तर आत निखारा तासन्‌तास धुमसतो, आणि उन्हाळ्यात मुळांतून पुढंही सरकतो. हाताची पाठ राखेजवळ धरा, मग राखेत बोट घालून बघा. ऊब लागली तर आणखी पाणी. पाऊस पडतोय म्हणून हे काम सोडायचं नाही. झाडाखालच्या चुलीवर पाऊस पोचतोच असं नाही.